वीज पडल्यानंतरची सकाळ

वडिलांनी आखातातून आणलेला सान्सुईचा जुना अँप्लिफायर मिरकरवाड्यातील आमच्या घरात कित्येक वर्षे विनातक्रार वाजत होता, आणि त्याचे जे नुकसान झाले त्यात विजेच्या वाट्यापेक्षा माझ्या अधीरतेचा वाटा मोठा होता, हे मला कबूल केले पाहिजे.

वैशाख सरत आला होता. बंदरात होड्या शाकारण्याची लगबग चालू असता एका संध्याकाळी घाटाच्या बाजूने आभाळ भरून आले, तेव्हा मी यंत्राची कळ तेवढी बंद केली, परंतु प्लग उपसण्याची आणि कौलांवरून आलेली ट्यूनरच्या एरियलची तार सोडविण्याची तसदी घेतली नाही. परसातल्या माडावर वीज कोसळली. जी वीज आभाळातून माडापर्यंत येते तिला कळीमधले दोन-तीन मिलिमीटरांचे अंतर अडवू शकेल, ही माझी समजूतच मुळात चुकीची होती.

सकाळी पाहतो तो फ्यूज उडालेला. वास्तविक तो आपले कर्तव्य बजावून गेला होता. मी मात्र त्याच्या जागी तांब्याची जाड तार बसवून कळ दाबली. एका बाजूचा आउटपुट ट्रान्झिस्टर रात्रीच शॉर्ट झालेला असल्यामुळे पुरवठ्याचा सगळा डीसी दाब थेट स्पीकरवर गेला, कॉइल जळाली, ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. होड्यांवरचे वायरलेस संच दुरुस्त करणाऱ्या वृद्ध चाचांनी झाकण उघडले आणि एवढेच म्हटले, "फ्यूज गेला तेव्हाच आणायचा होतास रे. स्पीकर तरी वाचला असता."

त्यांनी दुरुस्ती ज्या क्रमाने केली तो क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत भार शिल्लक राहतो, म्हणून प्रथम तो रेझिस्टर लावून उतरविला. मग डायोड आणि ट्रान्झिस्टर मीटरने तपासले, आणि एकच गेलेला असला तरी त्याचा जोडीदारही बदलला, कारण धक्का खाल्लेला ट्रान्झिस्टर पुढे केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेतला. त्यानंतर 230 व्होल्टांच्या मार्गात 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून यंत्र चालू केले: बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. स्पीकरच्या टोकांवर डीसी दाब मोजल्याखेरीज, आणि तो काही मिलिव्होल्टांपलीकडे नाही अशी खात्री पटल्याखेरीज, त्यांनी स्पीकर जोडू दिला नाही.

घराचे अर्थिंगही त्यांनीच पाहिले. खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्पवर हिरवा गंज चढून तो केवळ नावापुरता उरला होता. किनाऱ्यावर राहणाऱ्याने त्याची तपासणी दरवर्षी पावसाआधी करावी. दाबाचा झटका शोषणारा व्हॅरिस्टर बसवला तरी जवळच पडलेल्या विजेपुढे त्याची मातब्बरी नाही.

आपल्या घरी असा जुना संच असेल तर आभाळ भरण्यापूर्वीच प्लग आणि एरियल दोन्ही सोडवून ठेवा; गडगडाट माथ्यावर आल्यावर मात्र कशालाही हात लावू नका.