चित्र एक, हक्क तीन

पुस्तकाचे मुखपृष्ठ, दिवाळी अंकातील कथाचित्र, पाठ्यपुस्तकातील आकृती किंवा दिनदर्शिकेचे पान यांमागे बहुधा असा एक कलावंत असतो की, ज्याचे नाव वाचकाच्या लक्षात राहत नाही. तो कोणाचा नोकर नसतो. काम येईल तसे तो स्वीकारतो आणि चित्रागणिक मानधन घेतो. अशा मुक्त व्यवसायी बोधचित्रकाराच्या मनात मागणीबरहुकूम केलेल्या चित्रांपलीकडचे एखादे स्वतःचे काम नेहमीच असते. कोणाला मुलांसाठी चित्रपुस्तक करायचे असते, कोणाला आपल्या गावातील जुन्या वाड्यांची चित्रमालिका, तर कोणाला एखादे प्रदर्शन. हे काम बहुतेकदा 'सवड मिळाली की' या सदरात वर्षानुवर्षे पडून राहते.

प्रतिभेचा अभाव हे त्याचे कारण क्वचितच असते. मागणीच्या कामातून मानधनाखेरीज आपल्या हाती काय उरले पाहिजे, याचा विचार काम स्वीकारताना झालेला नसतो, हे खरे कारण होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या कला, कायदा आणि हिशेब अशा तीन बाजूंचा विचार केला आहे.

मागणीच्या कामातून उगवलेली स्वतःची कामे

मागणीचे काम आणि मनातले काम ही एकमेकांची वैरी आहेत, असा एक समज रूढ आहे. भारतातील तीन उदाहरणे पाहता तो खरा वाटत नाही.

पहिले उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. मडगाव येथे १९१६ मध्ये जन्मलेले दीनानाथ दलाल यांनी मुंबईत मुखपृष्ठे आणि कथाचित्रे यांवर आपला व्यवसाय उभा केला. इतरांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढीत असतानाच त्यांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' हा अंक सुरू केला. यामुळे कोणते चित्र छापावे आणि ते कसे छापावे, याचा निर्णय चित्रकाराच्याच हाती आला. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु दलालांचे नाव घेताच आजही 'दीपावली' आठवतो.

दुसरे उदाहरण कोलकात्याचे. सत्यजित राय १९४३ मध्ये एका जाहिरात संस्थेत ऐंशी रुपये मासिक वेतनावर रुजू झाले. नोकरीबरोबरच ते सिग्नेट प्रेस या प्रकाशनसंस्थेसाठी मुखपृष्ठे आणि चित्रे करीत. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांच्याकडे आली. ते काम करताना त्या कथेचा चित्रपट करण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली आणि पुढे त्यांनी चित्रपटाची आखणीही रेखाटनांच्या वहीतच केली. आरंभीच्या खर्चासाठी त्यांनी आपल्या विमापॉलिसीवर कर्ज काढले. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण सुरू झाले आणि १९५५ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

तिसरे उदाहरण मध्य प्रदेशातील पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम यांचे. २००२ मध्ये लंडनमधील एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्याचे काम त्यांना मिळाले. काम संपले, परंतु त्या दोन महिन्यांत पाहिलेले शहर मनात राहिले. गोंड चित्रभाषेत त्यांनी भुयारी रेल्वेला गांडूळ केले, तर बिग बेनच्या घड्याळात पहाटे आरवणारा कोंबडा पाहिला. चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये या चित्रांचे 'द लंडन जंगल बुक' हे पुस्तक प्रसिद्ध केले. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

या तिघांची परिस्थिती भिन्न होती. मात्र मागणीचे काम संपल्यावर प्रत्येकाच्या हाती मोबदल्याहून अधिक काही उरले आणि त्यातूनच पुढचे काम उभे राहिले. हे 'उरणे' दैवावर सोपवू नये. त्यासाठी आपण नेमके काय विकत आहोत, हे चित्रकाराला ठाऊक असले पाहिजे.

एका चित्रातील तीन मालमत्ता

कागदावर चित्र एकच दिसते, परंतु व्यवहाराच्या दृष्टीने त्यात तीन भिन्न गोष्टी असतात. पहिली गोष्ट म्हणजे मूळ चित्र, अर्थात तो रंगविलेला कागद. दुसरी गोष्ट म्हणजे त्या चित्राच्या प्रती काढण्याचा, ते छापण्याचा आणि त्यावरून अन्य वस्तू करण्याचा स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट. तिसरी गोष्ट म्हणजे चित्रावरील नाव आणि चित्राची अभंगता.

घर आणि घराचे भाडे यांतील फरक सर्वांना समजतो. चित्राच्या बाबतीत मात्र तो विसरला जातो. एखाद्या प्रकाशकाने एका आवृत्तीसाठी चित्र वापरले म्हणजे मूळ कागद त्याचा होत नाही. उलट, प्रदर्शनातून मूळ चित्र विकत घेणाऱ्याला केवळ त्या खरेदीमुळे त्याच्या दिनदर्शिका छापण्याचा अधिकार मिळत नाही. तिन्ही गोष्टी एकाच मानधनात, एकाच ओळीत देऊन टाकणारा चित्रकार आपल्या पुढील पुस्तकाची आणि प्रदर्शनाची सामग्रीच देऊन टाकतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चित्राचा पहिला स्वामी सामान्यतः चित्रकारच असतो आणि हा हक्क त्याच्या हयातीनंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. तथापि याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून रंगचित्र अथवा व्यक्तिचित्र काढले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर पहिला स्वामी काम सांगणारा ठरतो. या तरतुदीत रेखाचित्राचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे पुस्तकातील रंगीत बोधचित्र नेमके कोणत्या प्रकारात मोडते, याविषयी वाद उद्भवू शकतो. हा वाद टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे कामापूर्वीच लेखी करार करणे.

कायद्याने चित्रकाराला काही संरक्षणेही दिली आहेत. स्वामित्वहक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह असल्याशिवाय वैध ठरत नाही. हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात तो वापरला नाही, तर करारात अन्यथा म्हटले नसल्यास ते हस्तांतर संपुष्टात येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करतेवेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला ते हस्तांतर लागू होत नाही. असे माध्यम करारात स्पष्ट नमूद असेल तरच ते लागू होते.

तिसरा हक्क सर्वांत कमी परिचित आहे. स्वामित्वहक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही, ही कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. दिल्लीतील विज्ञान भवनासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्याकडे १९५७ मध्ये ब्राँझच्या भव्य भित्तिशिल्पाचे काम सोपविण्यात आले होते. ते शिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहगल यांना शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा निर्णय दिला. मोबदला चुकता केला म्हणजे कलावंताचा संबंध संपला, हा समज या निर्णयाने खोडून काढला.

कामाच्या पत्रातील पाच प्रश्न

प्रत्येक लहान कामासाठी वकिलाकडे जाणे शक्य नसते. परंतु एका पानाच्या पत्रात पाच प्रश्नांची उत्तरे लिहून त्यावर दोन्ही पक्षांच्या स्वाक्षऱ्या घेणे सर्वांना शक्य आहे.

१. चित्र कोणत्या पुस्तकासाठी, किती आवृत्त्यांसाठी आणि किती काळासाठी दिले आहे?
२. मूळ चित्र कोणाकडे राहील आणि केव्हा परत मिळेल?
३. चित्रकाराचे नाव कोठे छापले जाईल?
४. किती वेळा बदल करून देणे मानधनात अंतर्भूत आहे?
५. मानधन कोणत्या तारखेस मिळेल आणि काम मध्येच रद्द झाल्यास किती?

सर्व हक्क कायमचे हवे असतील, तर ते देऊ नयेत असे नाही. मात्र त्यांचे मूल्य एका आवृत्तीच्या मानधनाइतकेच असू नये.

सवडीची किंमत

हक्क राखले, तरी स्वतःच्या कामाला वेळ लागतोच आणि वेळेला किंमत असते. ती आकड्यांत मांडली म्हणजे स्वप्नाचे नियोजन होऊ लागते. समजा, एका चित्रकाराला बत्तीस पानांच्या चित्रपुस्तकासाठी चार महिने हवे आहेत. त्याचा घरखर्च दरमहा २५,००० रुपये धरल्यास चार महिन्यांचे १,००,००० रुपये होतात. कागद, रंग आणि नमुना प्रतीसाठी २०,००० रुपये धरले, तर एकूण गरज १,२०,००० रुपयांची. त्याची सरासरी मासिक प्राप्ती ४०,००० रुपये असेल आणि प्रत्येक बिलातून वीस टक्के बाजूला काढले, तर महिन्याला ८,००० रुपये साठतात. व्याज न धरताही पंधरा महिन्यांत चार महिन्यांची सवड विकत घेता येते.

येथे एक पथ्य आवश्यक आहे. आवर्ती ठेवीत दरमहा ठरावीक रक्कम भरावी लागते, तर चित्रकाराची प्राप्ती एका महिन्यात भरघोस आणि पुढच्या महिन्यात शून्य असू शकते. म्हणून अशा व्यक्तीने स्वतंत्र बचत खाते उघडून मानधन जमा झाल्याच्या दिवशीच ठरलेला हिस्सा तेथे वळवावा आणि पुरेशी शिल्लक साठली की ती मुदत ठेवीत ठेवावी. मानधनातून उद्गम कर कापला जात असल्यास हिस्सा काढताना हाती आलेली रक्कम विचारात घ्यावी आणि कापलेल्या कराची नोंद विवरणपत्र भरताना तपासावी.

थकलेले मानधन

पुष्कळदा सवड हिरावून घेतली जाते ती थकबाकीमुळे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ याचा लाभ सेवा देणाऱ्या सूक्ष्म उद्योगालाही मिळतो. २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे. नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे लेखी करारातील मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत पंचेचाळीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी मुदत नसेल, तर काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांची मर्यादा लागू होते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते. बिलावर उद्यम क्रमांक असला, तरी स्मरणपत्राला वजन येते.

बँक कर्मचाऱ्यांच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. अशा ग्राहकाकडे वेतनपत्रक नसते, म्हणून त्याच्याकडे उत्पन्न नाही असे मानणे योग्य नव्हे. कामाची पत्रे, क्रमवार बिले, खात्यातील जमा, विवरणपत्रे आणि उद्यम प्रमाणपत्र यांतून त्याच्या व्यवसायाचे चित्र स्पष्ट होते. संगणक किंवा स्कॅनर यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे, हेही त्याच्या निदर्शनास आणून देता येईल. साधनासाठी कर्ज आणि सवडीसाठी बचत, हा भेद मात्र त्याने पाळावा. साधन कमाई वाढविते. स्वतःच्या कलाकृतीची प्राप्ती केव्हा होईल, हे आधी सांगता येत नाही.

कलेचा हिशेब मांडला की कला हलकी होते, असे अनेकांना वाटते. वास्तविक हिशेब मांडायचा तो कलेच्या मूल्याचा नव्हे, तर तिच्यासाठी लागणाऱ्या दिवसांचा. मूळ चित्र परत आलेले असावे, छापण्याचा हक्क मुदतीनंतर आपल्याकडे यावा, चित्राखाली आपले नाव असावे आणि खात्यात चार महिन्यांचा खर्च असावा. एवढी तयारी झाल्यावर मनातले पुस्तक 'सवड मिळाली की' या सदरातून निघते आणि त्याला प्रारंभाची निश्चित तारीख मिळते.