सामुदायिक सहल : नियोजन आणि हिशेब

दरवर्षी महाविद्यालयाच्या फलकावर सहलीची सूचना लागते, नावे नोंदविली जातात. आणि काही नावे कधीच नोंदविली जात नाहीत. न येणाऱ्यांना सहलीची आवड नसते असे नाही. ‘घरी काम आहे’ एवढेच ते सांगतात. पैशांची अडचण बोलून दाखवीत नाहीत. म्हणून कमी खर्चाची सहल कशी आखावी, हा विषय अभ्यासाला घेण्यासारखा आहे.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा आरंभ टॉमस कुक याच्यापासून मानतात. 5 जुलै 1841 रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे 500 लोक रेल्वेने नेले. माणशी आकार एक शिलिंग. संपूर्ण गाडी आधी ठरवावी आणि तिचा खर्च सर्वांत वाटावा, हे त्याचे तत्त्व.

परंतु आपल्याकडे हे तत्त्व त्याहून जुने आहे. शेगावहून पंढरीला जाणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या परळी-अंबाजोगाईवरून जाते. कोणतीही दिंडी पाहा : निघण्यापूर्वी भिशी ठरते, सामान एका वाहनात जाते, स्वयंपाकाची मंडळी पुढच्या मुक्कामी आधी पोहोचतात, वाटेतली गावे पंगती देतात. प्रत्येकाला काही ना काही काम असते. दिंडी हा सामुदायिक प्रवासाचा उत्तम पाठच आहे.

आता हिशेबाकडे वळू. सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो. जेवणखाण माणसागणिक वाढते. गाडीभाडे मात्र माणसे कमी झाली म्हणून कमी होत नाही. समजा, गाडीला 12,000 रुपये लागतात आणि आपण 40 जण आहोत. प्रत्येकी 300 रुपये पडतील. दोघे पैशांअभावी घरी राहिले तर उरलेल्या 38 जणांना प्रत्येकी सुमारे 316 रुपये द्यावे लागतील आणि दोन जागा रिकाम्या जातील. त्याच 316 रुपयांत ते दोघेही गाडीत बसू शकले असते! खर्च वाढतो तो फक्त त्यांच्या जेवणाचा, आणि तो घरून आणलेल्या भाकरी-चटणीत सहज भागतो. तात्पर्य, गरीब मित्राला मागे ठेवून कोणाचाही पैसा वाचत नाही.

दुसरा मुद्दा हंगामाचा. सहली बहुधा हिवाळ्यात निघतात. त्या वेळी आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यावर धाकटी भावंडे, म्हातारी माणसे आणि जनावरे यांचा भार असतो. तो सहलीला येणार कसा? म्हणून सहल दसऱ्यापूर्वी, भाद्रपदात काढावी. आईवडील गावी असतात, बालाघाटचे डोंगर हिरवे असतात. श्रावणी सोमवारची परळीतील गर्दी ओसरलेली असते, अंबाजोगाईची नवरात्रातील गर्दी सुरू व्हायची असते. वर्गणी मात्र जूनपासून लहान हप्त्यांनी गोळा करावी.

ठिकाण फार दूरचे असावे असे नाही. सकाळी बीडहून निघून धारूरचा किल्ला पाहावा. तेथून अंबाजोगाईस योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखान्याची लेणी, आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधी पाहाव्यात. मराठीच्या विद्यार्थ्याला याहून मोठे तीर्थ कोणते? पुढे परळीस वैजनाथाचे दर्शन घेऊन तेलगावमार्गे परतावे. एका दिवसात होत असल्याने मुक्कामाचा खर्च वाचतो.

गाडीसाठी एस.टी.चा प्रासंगिक करार सोयीचा. प्राचार्यांचे पत्र घेऊन आगारात लवकर अर्ज करावा आणि शैक्षणिक सहलीची सवलत आपल्याला लागू होते का, हेही तेथेच विचारून घ्यावे. चार समित्या नेमाव्यात : गाडी, भोजन, प्रथमोपचार व हिशेब. कोणी किती दिले हे फक्त हिशेब समितीच्या प्राध्यापकांना ठाऊक असावे. एकूण जमाखर्च मात्र परतल्यावर आठ दिवसांत फलकावर लावावा. पहिल्याने मदत घेणाऱ्याचा मान राहतो, दुसऱ्याने देणाऱ्यांचा विश्वास.

सहलीचे यश किती स्थळे पाहिली यावर मोजू नये. निघताना गाडीतील एकही जागा पैशांअभावी रिकामी नव्हती, एवढे म्हणता आले तरी नियोजन साधले असे समजावे.