‘खांदेरी’ आणि तिच्या तीन भगिनी

जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७९५ साली मराठे व निजाम यांच्यात झालेली लढाई सर्वपरिचित आहे. समुद्रावरील पराक्रमाची ओळख त्या मानाने कमीच. अलिबागनजीकच्या खांदेरी बेटावर १६७९ साली इंग्रजांच्या विरोधास न जुमानता शिवछत्रपतींनी किल्ला उभारला. पुढे तेच नाव भारतीय नौदलाच्या दुसऱ्या पाणबुडीस देण्यात आले, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे.

१९६५ च्या युद्धात भारताजवळ एकही पाणबुडी नव्हती. पाकिस्तानकडे अमेरिकेकडून मिळालेली ‘गाझी’ होती. ही उणीव दूर करण्यासाठी सोव्हिएत संघाकडून चार पाणबुड्या घेण्यात आल्या. पहिली ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा येथे नौदलात दाखल झाली. १९६८ मध्ये ‘खांदेरी’ आणि १९६९ मध्ये ‘करंज’ व ‘कुरसुरा’ आल्या.

प्रत्येकीची लांबी सुमारे ९१ मीटर. पाणतीर सोडण्याच्या नळ्या पुढे सहा, मागे चार. डिझेल इंजिनास हवा लागते, म्हणून पाण्याखाली संचार विजेच्या बॅटऱ्यांवर होई. त्या भारित करण्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी वर काढावी लागे आणि शत्रूच्या नजरेस पडण्याचा धोका तेव्हाच अधिक असे. गोडे पाणी मोजून मिळे. अवर्षणग्रस्त भागातील वाचकांस याची कल्पना वेगळी द्यावयास नको.

१९७१ मध्ये ‘कुरसुरा’ने युद्धापूर्वी, तर ‘करंज’ने युद्धकाळात अरबी समुद्रात गस्त घातली. ‘खांदेरी’ बंगालच्या उपसागरात होती. लक्ष्याची निश्चित ओळख पटल्याखेरीज पाणतीर सोडू नये, असा दंडक होता. तटस्थ देशांची व्यापारी जहाजे त्यामुळे सुरक्षित राहिली. परंतु ओळख पटविण्यासाठी जवळ जाणे म्हणजे स्वतःस उघडे पाडणे होय. या पाणबुड्यांनी एकही जहाज बुडविले नाही. त्यावरून त्यांची कामगिरी निष्फळ ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. ‘करंज’चे प्रमुख वि. सिं. शेखावत यांना वीरचक्र प्रदान करण्यात आले. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

पाणबुडी काय करू शकते, याचा दारुण प्रत्यय ९ डिसेंबर १९७१ रोजी आला. दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने ‘खुकरी’ बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांनी प्राण गमावले.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘खांदेरी’ २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात आली. जुन्या चौघींपैकी ‘कुरसुरा’ २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. तेथील अरुंद वाटेने वाकून जाताना सुमारे ७५ माणसे आत कशी राहत असतील, हा प्रश्न विद्यार्थ्यांना आपोआप पडेल.