आधी धृपद धरा



आजच्या चिंतनाला तुकोबारायांचा आत्मचरित्रपर अभंग घेतलाय. संतांनी विचारलं, म्हणून त्यांनी त्यात आपली हकीकत सांगितली. गाथेत काढून पूर्ण वाचा आणि एक भाव शोधा: लाज. तो दोनदा येतो.

पहिल्यांदा येतो दुष्काळानंतर. १६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करत गेली. या दुःखाने जिवाला लाज वाटू लागली, असं ते स्वतः सांगतात.

दुसऱ्यांदा मात्र ते म्हणतात, लाज मनात येऊ दिली नाही.

मधे काय घडलं? मोडलेलं देऊळ बांधायचं मनात घेतलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, तेही आधीचा अभ्यास नसताना. संतांची काही वचनं पाठ केली. आणि पुढे गाणाऱ्यांचं धृपद धरलं. म्हणजे आज कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी करतात तेच: पुढच्याने म्हटलेली ओळ उचलून धरायची. कवित्व नंतर आलं बरं का!

आता आपल्याकडे बघू. चाकणच्या कंपनीत नवा लागलेला मुलगा मीटिंगमध्ये प्रश्न असूनही गप्प बसतो. कॅन्टीनमध्ये ताट घेऊन कोपरा गाठतो. रूमवर आला की ‘लोक काय म्हणाले असतील’ हेच डोक्यात. टाळलं की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, पण भीती वाढते. कारण बोललो असतो तरी काही बिघडलं नसतं, हे मनाला कळायची संधीच मिळत नाही.

कोणी म्हणेल, तुकोबाही भंडारा आणि भामचंद्र डोंगरावर एकटे बसायचेच की! बसायचे. भामचंद्र तर चाकण एमआयडीसीच्या शेजारीच आहे. पण ते लपणं नव्हतं. डोंगर उतरून ते लोकांत कीर्तनाला उभे राहिले. कमी बोलणं हा स्वभाव असू शकतो, तो बदलायची गरज नाही. फक्त आपले निर्णय भीतीने घेऊ नयेत.

आजचा नेम: या आठवड्यात एक धृपद धरा. मीटिंगमध्ये भाषण नको. दुसऱ्याने मुद्दा मांडला की “हो, आमच्या लाइनवर पण असंच होतंय” एवढंच म्हणा. भजनात टाळ घेऊन मागे उभे राहा. लक्ष ‘मी कसा दिसतोय’ याच्यावर नको, शब्दांवर ठेवा. जमलं की पुढच्या आठवड्यात थोडं वाढवा.

भीतीमुळे कामावर, कॉलेजला जाणंच अवघड होत असेल तर समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. मदत मागितली म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

पांडुरंगा, आवाज लहान असला तरी तुझ्या नामात मिसळू दे.

राम कृष्ण हरी!