लंडनच्या टेकडीवर सुवर्णदुर्ग कसा पोहोचला?

प्रश्न : लंडनला मुलाकडे गेलो होतो, तेव्हा शूटर्स हिलच्या जंगलात ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ नावाचा मनोरा पाहिला. हे नाव आपल्या हर्णैच्या सुवर्णदुर्गावरून पडलंय, असं तिथे समजलं. तो बांधणारे सर विल्यम जेम्स कोण? त्यांच्या घराण्यात आज कुणी आहे का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : तुम्हाला मिळालेली माहिती बरोबर आहे, फक्त मनोरा जेम्सने बांधलेला नाही. डिसेंबर १७८३ मध्ये तो वारला. त्याची विधवा लेडी अ‍ॅन जेम्स हिने पुढच्याच वर्षी, १७८४ मध्ये, वास्तुकार रिचर्ड जपकडून हा तिकोनी, सुमारे १९ मीटर उंच मनोरा नवऱ्याच्या स्मरणार्थ उभारून घेतला.

जेम्सचा जन्म १७२१ च्या सुमाराचा, वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळचा. घरची परिस्थिती बेताची होती आणि पोरवयातच तो जहाजावर चढला. १७४७ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७५१ मध्ये ‘बॉम्बे मरीन’चा, म्हणजे कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, प्रमुख झाला. इंग्लंडच्या राजाच्या रॉयल नेव्हीपेक्षा हे आरमार वेगळं. कंपनीच्या मालाची गलबतं सांभाळणं हे त्याचं मुख्य काम, आणि त्या कामात सगळ्यात मोठी अडचण होती आंग्र्यांची. त्यांचा परवाना न घेता कोकण किनाऱ्याने जाणारं जहाज सुखरूप पोहोचेल, याची खात्री नसे.

कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्रे पेशव्यांनाही जुमानत नव्हते. त्यामुळे १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. पेशव्यांकडून कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव, इंग्रजांकडून जेम्स. ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज आणि बरोबर काही लहान जहाजं घेऊन मार्चअखेरीस तो मुंबईहून निघाला. २ एप्रिलला तुळाजींच्या सुवर्णदुर्गावर मारा सुरू झाला. आधी तोफा डागल्या त्या पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून. तुम्ही किल्ला पाहिलेला असणारच. त्या बाजूचा तट कातळातूनच वर आलेला आहे, त्याला खिंडार पडेना. मग जेम्सने जहाजं पूर्वेकडे, किल्ला आणि हर्णैचा किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात घातली. हे धाडसच होतं, कारण तिथे किनाऱ्यावरच्या गोवागडाच्या तोफाही तोंडासमोर येतात. दोन्हीकडे मारा चालू असताना एक गोळा किल्ल्यातल्या कोठारावर पडला, आग लागली आणि दारूखाना उडाला. शिबंदी आणि बायकामुलं होड्यांतून किनाऱ्याकडे निघाली, ती इंग्रजांच्या हाती लागली. गोवागड, कनकदुर्ग, फत्तेगडही पडले.

तहाप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे आला. पुढच्या वर्षी विजयदुर्गावर अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह चालून गेले, त्यात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. माझं स्पष्ट मत आहे की नानासाहेबांच्या कारभारात याहून महागात पडलेला निर्णय शोधून सापडायचा नाही. आंग्र्यांना वठणीवर आणायचं, तर ते घरातलं भांडण होतं. पण त्यापायी पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारं एकमेव मराठी आरमार बुडालं.

जेम्सचं मात्र भाग्य फळफळलं. १७५९ मध्ये गडगंज होऊन तो मायदेशी परतला. लंडनजवळ एल्थमला जमीनजुमला घेतला, १७६८ मध्ये कंपनीचा संचालक, १७७४ मध्ये खासदार, पुढे कंपनीचा अध्यक्षही झाला. १७७८ मध्ये त्याला ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला. ‘सर’ म्हणवून घेण्याचा हा मान बापाकडून मुलाकडे जातो. आपल्याकडे सर जमशेटजी जिजीभाईंना १८५७ मध्ये मिळाला, तो हाच.

जेम्सची पहिली बायको लंडनच्या गोदीभागात खानावळ चालवायची, असं सांगतात. १७६५ मध्ये लग्न झालेली अ‍ॅन गोडार्ड ही दुसरी. बाई मोठी लोकसंग्राहक. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न तिच्या घरी नित्य येई, आणि १७६७ मध्ये तिथेच त्याला एलायझा ड्रेपर भेटली. मुंबईतल्या एका कंपनी अधिकाऱ्याची ही तरुण बायको. तिला लिहिलेल्या पत्रांमुळे स्टर्नचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. १७६८ च्या मार्चमध्ये मृत्यू समोर दिसत असताना त्याने अ‍ॅनला पत्र पाठवून, आपली मुलगी पोरकी झाली तर तिला सांभाळा, अशी विनवणी केली. आपलं माणूस कुणाच्या ओटीत घालावं हे मरताना माणसाला बरोबर कळतं. म्हणून अ‍ॅन कशी होती हे समजायला मला मनोऱ्यापेक्षा ते पत्र जवळचं वाटतं. एलायझाने पुढे १७७३ मध्ये माझगावच्या बंगल्यातून पळून जाऊन नवऱ्याला कायमचं सोडलं.

आता वंशजांचं. जेम्सला मुलगी एलिझाबेथ आणि मुलगा एडवर्ड. मुलीच्या लग्नाच्या दिवशीच जेम्सला मृत्यूने गाठलं. एडवर्ड दुसरा बॅरोनेट झाला, पण १७९२ मध्ये कोवळ्या वयातच वारला आणि किताब तिथेच संपला. म्हणजे जेम्स घराण्याला तो लाभला जेमतेम चौदा वर्षं. मुलीचा नवरा टॉमस पार्किन्स पुढे लॉर्ड रँक्लिफ झाला. दोघंही लवकर गेली आणि त्यांची मुलं लॉर्ड मॉयराच्या छत्राखाली वाढली. हाच मॉयरा पुढे लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणून हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. जेम्सची एक नात हेन्रिएटा ही सर विल्यम रंबोल्डला दिलेली. हा रंबोल्ड हैदराबादच्या पामर कंपनीत भागीदार होता. निजामाला जबर व्याजाने कर्ज देणाऱ्या या पेढीला हेस्टिंग्जने पाठीशी घातल्याचा बभ्रा झाला, आणि त्यातच त्याला पद सोडावं लागलं. दुसरी नात शार्लट फ्रान्सच्या ज्यूल्स द पोलिन्याकची बायको झाली. १८३० ची क्रांती ज्याच्या वटहुकुमांमुळे पेटली, तो पंतप्रधान हाच. तिचा मुलगा कामिय अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून जनरल म्हणून लढला. तेव्हा जेम्स आडनावाने वंश चालला नाही, मुलीकडून चालला.

मनोरा अनेक वर्षं बंद होता, दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. आपला सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मनोऱ्यावरच्या लेखात विजयाचं सारं श्रेय जेम्सच्या शौर्याला दिलंय, आणि किल्ला मलबारच्या किनाऱ्यावर असल्याचं लिहिलंय, कारण तेव्हाचे इंग्रज कोकणालाही मलबारच म्हणत. पेशव्यांचं किंवा रामाजी महादेवांचं नाव तिथे नाही. पुन्हा लंडनला गेलात, तर मुलाला घेऊन जा आणि हा राहिलेला भाग त्याला तुम्हीच सांगा.