टोंचणी खाणारी कोंबडी व खुराड्यांतील रोग

परसांत दहा-पंधरा कोंबड्या बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंची नेहमींची तक्रार अशी कीं, एकाच कोंबडीस बाकीच्या सर्व मिळून टोंचतात, तिला दाण्यावर येऊं देत नाहींत, व अखेर ती झुरून मरते. हा कोंबड्यांचा द्वाडपणा समजून लोक सोडून देतात. या समजुतीनें पुष्कळ खुराडीं रिकामीं झालीं आहेत. म्हणून या विषयाचा विचार करणें अवश्य आहे.

लग्नकार्यांतल्याप्रमाणें कोंबड्यांतही मानपान असतो. कोणीं कोणास टोंचावें याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वे देशांतील शेल्डेरुप-एब्बे या अभ्यासकानें सन १९२२ मध्यें तो शास्त्रीय रीतीनें मांडला. कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांस तो आधींच ठाऊक होता, हें निराळें. क्रम एकदां बसला म्हणजे नुसती मान उगारून काम भागतें. रक्त निघूं लागलें तर कांहीं तरी बिघडलें आहे असें समजावें. अपुरी जागा (दर कोंबडीस निदान दोन चौरस फूट पाहिजे), दाण्याचें एकच भांडें, अंगावरील उवा व गोचीड, किंवा नुसत्या ज्वारीवर ठेवल्यानें अन्नांत पडणारी उणीव, हीं नित्याचीं कारणें होत. दाणा-पाणी दोन ठिकाणीं ठेवावें, भुईमुगाची पेंड व शिंपल्यांचा चुरा द्यावा, लोळण्यास राखमातीचा खड्डा करावा. अर्धीं भांडणें मिटतात. जखमेचा तांबडा रंग इतरांस चेतवितो, यास्तव तीवर जांभळें औषध लावावें.

परंतु एरवीं वरच्या मानाची कोंबडी एकाएकीं मार खाऊं लागली, तर गोष्ट निराळी. अशी कोंबडी पुष्कळदां आजारी असते. आपल्या डोळ्यांस दिसण्यापूर्वींच तिचा अशक्तपणा सोबतिणींस कळलेला असतो. ती त्याच दिवशीं डालग्याखालीं वेगळी ठेवावी. तुरा काळवंडला काय, विष्ठा हिरवट आहे काय, तोंड वासून श्वास घेते काय, हें पाहावें. मान वांकडी होऊन पाय लुळे पडले तर मानमोडीचा संशय धरावा. सरकारी कागदांत जो राणीखेत रोग म्हणून लिहितात तो हाच; कुमाऊंतील राणीखेत येथें सन १९२७ मध्यें आढळल्यावरून तें नांव पडलें. यावर औषध नाहीं, लस आहे. पिलांस पहिल्या आठवड्यांत लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत घालतात, व आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस पंखाखालीं टोंचतात. कुपींत बहुधा शंभर पक्ष्यांपुरती लस असते व पातळ केल्यावर ती लवकर संपवावी लागते; म्हणून गल्लींतील आठ-दहा घरांनीं मिळून एक दिवस ठरवावा. आजारी पक्ष्यास मात्र लस देऊं नये.

रोग दिसतांच उरलेल्या कोंबड्या बाजारांत नेऊन विकण्याची जी चाल आहे, ती अत्यंत निंद्य होय. चार पैसे हातीं येतात, आणि रोग पांच गांवीं जातो. बाजारांतून आणलेली कोंबडी एकवीस दिवस निराळी ठेवून मग मिसळावी, तीही रात्रीं, खुराड्यांत अंधार असतां. म्हणजे टोंचाटोंची कमी होते.

बर्ड फ्लू हा रोग महाराष्ट्रांत प्रथम सन २००६ मध्यें नवापूर येथें आढळला, तेव्हां तो आपल्यापासून दूर वाटला. सन २०२५ च्या फेब्रुवारींत आमच्या ढोकीसच कावळे मरून पडले, व तपासणींत तोच रोग निघाला. कावळा परसांतील दाण्यावर येतो, हें सांगावयास नको. यास्तव दाणा उघड्यावर पसरूं नये व पाण्याचें भांडें झांकून, पक्ष्याची मान शिरेल इतकेंच उघडें ठेवावें. कावळे किंवा कोंबड्या एकामागून एक मरूं लागल्यास उघड्या हातानें स्पर्श न करितां, मुलांस दूर ठेवून, पशुवैद्यकीय दवाखान्यांत तत्काळ वर्दी द्यावी. एरवीं एखादी कोंबडी मेली तरी ती उकिरड्यावर फेंकूं नये. खोल खड्डा खणून, वर चुना घालून पुरावी व हात साबणानें धुवावे.