तिजोरीवांचून घरांतील चीजवस्त व बंदूक कशी सांभाळावी

भोर तालुक्यांत, तसेंच वेल्हे तालुक्यांत (ज्याचें नांव राजगड करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें घेतला), शेतकऱ्याच्या घरीं लोखंडी तिजोरी क्वचितच आढळते. तथापि घरोघर चार दागिने, भात विकून आलेली रक्कम व जमिनीचीं खतें असतातच. कांहीं घरीं पीकरक्षणाची परवान्याची बंदूकही असते. आषाढांत लावणी सुरू झाली म्हणजे घरचीं सर्व माणसें खाचरांत उतरतात, आणि वाड्यावस्त्यांवरील घरें दिवसभर ओस पडतात. तेव्हां या वस्तु कोठें व कशा ठेवाव्या, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

वस्तु लपविणें म्हणजे ती चोराच्या नजरेआड करणें, एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. पण चोर हा एकच शत्रु नव्हे. ओल, वाळवी, आग आणि विस्मरण हे चार शत्रु घरांत कायमचे वस्तीस असतात, व त्यांत विस्मरण हा सर्वांत घातकी होय. तोरणा किल्ला शिवाजी महाराजांनीं घेतल्यावर त्याच्या दुरुस्तींत पुरलेलें द्रव्य सांपडलें, व तें पुढें राजगडाच्या उभारणीस लागलें, असें परंपरेनें सांगतात. स्वराज्याचें त्यांत कल्याण झालें. परंतु ज्यानें तें द्रव्य पुरलें त्याच्या वंशजांस त्यांतलें कांहींच मिळालें नाहीं, ही दुसरी बाजू आपल्यासारख्या संसारी माणसानें विसरूं नये.

प्रस्तुत लेखकाच्या घरचाच अनुभव सांगतों. आमचे वडील बांबूच्या नळकांड्यांत नोटा भरून तें माळ्यावरच्या वाशाला बांधून ठेवीत. २०१६ सालीं दिवाळीपूर्वीं ते अकस्मात् वारले. त्यांनीं ही गोष्ट आमच्या आईसही सांगितली नव्हती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याचें जाहीर झालें, व त्या बँकेंत भरण्यास ३० डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. पुढल्या उन्हाळ्यांत पावसापूर्वीं कौलें चाळतांना तें नळकांडें हातीं आलें. नोटा कोऱ्या करकरीत होत्या. ना ओल लागली होती, ना वाळवी. पण एका बैलजोडीची किंमत त्या नळकांड्यांत कागद होऊन पडली होती. जागा उत्तम होती. ती दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हती, एवढाच दोष.

जागेची निवड

चोर प्रथम कपाट, गादीखालची जागा, ट्रंक, देव्हारा व तांदळाचा डबा हीं ठिकाणें पाहतो. म्हणून तीं वर्ज्य करावीं. जमीन उकरून पुरण्याची जुनी चाल आहे. पण नवी उकरलेली जागा सारवली तरी रंगानें निराळी दिसते, पायाखालीं पोकळ वाजते, आणि तिच्यावर पाणी ओतलें असतां तें आजूबाजूच्या घट्ट भुईपेक्षां लवकर मुरतें. जाणत्या चोरास एवढी खूण पुरते. याखेरीज आपल्या मुलखांत पावसाळ्याचे चार महिने भुई ओलीच असते, हें वेगळें.

यापेक्षां साधा उपाय असा : जाड पत्र्याची लहान कुलुपबंद पेटी घ्यावी, आणि आंतल्या खोलींतील दगडी किंवा विटांच्या भिंतींत कोनाडा करून ती आंतून बोल्टांनीं व सिमेंटनें पक्की बसवावी. जी पेटी उचलून नेतां येत नाहीं ती फोडण्यास वेळ लागतो व आवाज होतो. चोरास या दोन्ही गोष्टींचें भय असतें. कोनाडा चुलीच्या भिंतींत वा गवताच्या गंजीला लागून असलेल्या भिंतींत नसावा. गवंडी गांवचा असल्यास दागिन्यांची वाच्यता त्याच्यापुढें करूं नये. तसेंच सर्व चीजवस्त एकाच जागीं ठेवूं नये. एक जागा उघडी पडली तरी सर्वस्व जाणार नाहीं, अशी वांटणी असावी.

धान्याच्या कणगींत किंवा पोत्यांत दागिने ठेवण्याची संवय पुष्कळ घरीं आहे. तींत दोन धोके आहेत. एक, घरच्याच माणसानें अजाणतां तें पोतें विकणें. दुसरा धोका नवा आहे : किडीसाठीं धान्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या असतां त्यांतून निघणारा फॉस्फीन वायु तांब्यास खातो व सोन्याचांदीसही डाग पाडतो, दागिन्यांत तांब्याची भेसळ असल्यामुळें ते काळवंडतात. हा वायु माणसासही प्राणघातक आहे. सबब राहत्या घरांत या गोळ्या मुळींच वापरूं नयेत.

दागिने, रोकड व कागद

सोनें ओलीनें बिघडत नाहीं; चांदी हवेंतील गंधकानें काळी पडते; कागद मात्र ओल व वाळवी दोहोंचें भक्ष्य होय. म्हणून खतें व नोटा घट्ट झांकणाच्या डब्यांत घालाव्या, डबा भुईपासून उंच ठेवावा, आणि पावसाळ्याच्या आधीं व नंतर एकदां उघडून ऊन दाखवावें. रोकड आठवड्याच्या खर्चापुरतीच घरीं असावी. १९४६, १९७८ व २०१६ अशा तीन सालीं सरकारनें मोठ्या किमतीच्या नोटा रद्द केल्या आहेत. लपविलेल्या नोटेचें मोल कधीं जाईल याचा नेम नसतो. बँकेंतील ठेवींस ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्यें ठेवणें इष्ट. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें आग, चोरी किंवा नोकरांच्या लबाडीमुळें लॉकरमधील वस्तु गेल्यास बँकेवर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदारी येते. घरांतील व लॉकरमधील प्रत्येक दागिन्याचें छायाचित्र, वजन व पावती जपून ठेवावी. चोरीच्या फिर्यादीस तिचा उपयोग होतो.

बंदूक

बंदुकीस मात्र लपविण्याचा न्याय लागू नाहीं. तिला कुलुपाचा न्याय लावावा. चोरास न दिसणारी बंदूक घरच्या मुलास हटकून सांपडते. म्हणून घरांत आणण्यापूर्वीं ती रिकामी आहे हें दोनदां पाहावें. नळी व दस्ता वेगळे होत असल्यास ते काढून निरनिराळ्या जागीं कुलुपांत ठेवावे. काडतुसें, किंवा ठासणीच्या बंदुकीची दारू व टोप्या, दुसऱ्या कुलुपांत, चुलीपासून दूर ठेवाव्या. दारूंतील सोरा, विशेषतः तो अशुद्ध असल्यास, हवेंतील ओल ओढतो. बार झाल्यावर नळींत राहिलेला मळही ओल धरून लोखंडास गंज आणतो. यासाठीं वापरानंतर नळी गरम पाण्यानें धुवून, कोरडी करून, तेलाचा हात द्यावा. चामड्याच्या म्यानांत बंदूक पावसाळाभर ठेवूं नये; चामडें ओल धरतें.

१९५९ च्या शस्त्र कायद्यांत खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें वेगळी परवानगी लागते. बंदूक चोरीस गेल्यास तत्काळ जवळच्या पोलीस ठाण्यांत कळवावें. परवानाधारक वारल्यास वारसांनीं ती घरांत न ठेवतां पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावी व पावती घ्यावी. धन्यानें ती गुप्त जागीं ठेवून डोळे मिटले, आणि वर्षांनीं ती माळ्यावर सांपडली, तर जो त्रास होतो तो निरपराध मुलाबाळांस होतो.

दुसरा जाणता

आतां मुख्य गोष्ट. प्रत्येक गुप्त जागेस दोन जाणते असावे : एक घरधनी, दुसरी घरधनीण किंवा वयांत आलेलें विश्वासू मूल. चीजवस्तीची यादी, तारखेसह, बंद पाकिटांत लॉकरमध्यें किंवा मृत्युपत्राबरोबर ठेवावी, व जागा बदलली कीं यादी बदलावी. जमिनींत पुरलेल्या धनास १८७८ चा निधि कायदा लागू आहे : दहा रुपयांहून अधिक किमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास तें कलेक्टरास कळवावें लागतें, आणि मालकी सांगणाऱ्यास तें कोणीं व केव्हां पुरलें हें शाबीत करावें लागतें. ज्या घरीं यादी नाहीं, तेथें आजोबांचें धन नातवासही सहजासहजीं मिळत नाहीं.

वाचक बंधूंनीं हा लेख वाचून खालीं ठेवल्यावर एकच प्रश्न स्वतःस विचारावा : आज रात्रीं माझें कांहीं बरेंवाईट झालें, तर उद्यां सकाळीं घरांतील कोणास काय कोठें आहे हें सांगतां येईल? उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर कुलूप विकत घेण्याआधीं घरधनिणीस जवळ बसवून सर्व सांगावें. त्यास पैसा लागत नाहीं, आणि तें काम लावणीच्या आधीं उरकतें.